कराची टेस्ट ते सूर्यदेव: सलील अंकोला आणि खेळाडूंची पडद्यावरची इनिंग (प्रश्न)

कुरडई

नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी धागा काढतेय, चुकीच्या सदरात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

झालं असं की रविवारी आईकडे गेले होते. आईचं आपलं ‘कर्मफल दाता शनि’चे जुने भाग लावून गवार निवडणं चालू (मालिका संपून कितीतरी वर्षं झाली पण तिला मोबाईलवरून टीव्हीवर लावायला जमायला लागल्यापासून घरात तिचं स्वतःचं चॅनेल चालतं). पडद्यावर सूर्यदेव, सोनेरी चिलखत, मुकुट, डोळे वटारून शनीवर ओरडतायत. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "हा अंकोला. सचिनबरोबर कराचीला टेस्ट खेळला होता." आई म्हणाली, काहीतरीच काय, नट आहे तो, रेणुका शहाणेच्या मालिकेत होता की. मग अर्धा तास दोघांची जुंपली, गवार बाजूला राहिली, आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर निघाले!

म्हणजे बघा, नोव्हेंबर १९८९, कराची, भारताकडून दोघांचं पदार्पण, सचिन आणि सलील अंकोला. सचिनचा टेस्ट कॅप नंबर (म्हणजे भारताकडून टेस्ट खेळलेला कितवा खेळाडू) १८७, अंकोलाचा १८६. एक पुढे २०० टेस्ट खेळला आणि दुसरा तेवढीच एक. वनडे २०, त्यात १३ विकेट्स, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी खेळ संपला. अठ्ठाविसाव्या वर्षी मी एमबीए करू का नको ह्या विचारात होते.

तर प्रश्न असा, आणि खरं तर एकात तीनचार आहेत. असं मैदान सोडून माणूस नट होतो म्हणजे नक्की काय होतं, आवड म्हणून जातात का नाईलाज म्हणून? कोणी शिकवतं का? आणि दारासिंग, प्रवीणकुमार ह्यांना लोकांनी डोक्यावर घेतलं पण क्रिकेटवाले मोठ्या पडद्यावर आले की आपटतात असं मला वाटतं, ते खरं आहे का माझा गैरसमज? अँकरिंगमध्ये मात्र सिद्धूसारखे चालून जातात. जाणकारांनी प्रकाश टाकावा, बाबांना पुढच्या रविवारी उत्तर द्यायचंय.

पार्कचा_कट्टा

पहिली गोष्ट, अंकोला सोलापूरचा! जन्म आमच्या गावचा, १ मार्च १९६८. पॉली उम्रीगरचा जन्मपण सोलापूरचाच. हे दोन्ही इथे लिहून ठेवतो कारण पुणे-मुंबईवाले सगळं आपल्या नावावर लावून घेतात.

आता मुद्द्याचं बोलतो. १९८८-८९ च्या सीझनला महाराष्ट्राकडून पहिली रणजी मॅच, गुजरातविरुद्ध, आणि पदार्पणात हॅटट्रिक. वय वीस. त्या काळी आपल्याकडे फास्ट बॉलर म्हणजे कपिल आणि मग कोण तर शोधा, त्यात हा उंच, देखणा, खांद्यापर्यंत केस आणि पळत आला की स्टंपमागचा कीपर आपोआप दोन पावलं मागं सरकायचा. मी तेव्हा नववीत होतो आणि पार्क मैदानाच्या कट्ट्यावर आम्ही पोरं सगळीच अंकोलासारखा रनअप घ्यायचो, बॉल टाकेपर्यंत निम्मी दमायची. एका सीझनवर डायरेक्ट पाकिस्तान दौरा मिळाला त्याला. कराचीला दोन विकेट मिळाल्या १२८ रन देऊन, समोर जावेद मियांदाद, इम्रान असली टीम, वीस-एकवीस वर्षाच्या पोराला काय सोपं होतं का ओ. नंतर परत टेस्ट मिळालीच नाही. वनडेत येऊन जाऊन होता, पुढं मुंबईकडून खेळायला लागला, ९६ च्या वर्ल्डकपच्या टीममध्येपण होता, ९७ पर्यंत खेळला.

मग पायाचं झालं. डाव्या नडगीच्या हाडात गाठ, ऑस्टिऑइड ऑस्टिओमा म्हणतात, कॅन्सर नव्हे पण ठणका असा की झोपू देत नाही. फास्ट बॉलरचं सगळं वजन प्रत्येक बॉलला पायावर आदळतं, तिथंच गाठ म्हटल्यावर विषय संपला. त्यामुळे ताई, तुमच्या "आवड का नाईलाज"चं अर्धं उत्तर ह्याच्यात आहे. आवडीनं क्रिकेट सोडलेला माणूस वेगळा आणि हाडानं सोडायला लावलेला वेगळा.

मधला काही काळ त्याचा वाईट गेला, दारूबद्दल तो स्वतःच मुलाखतींमधून मोकळेपणानं बोललाय, ते इथं चघळू नये ही विनंती.

खडूस_मुंबईकर

कट्टा साहेब भावना पोचल्या. पण "देखणा" हा शब्द तुम्हीच लिहिलात ना, तेच उत्तर आहे. देखणा होता म्हणून घेतला. अभिनयाचा काय संबंध.

क्रिकेटवाले आपटतात हा गैरसमज नाही, रेकॉर्ड आहे. संदीप पाटील घ्या. ८३ च्या सेमीफायनलला ओल्ड ट्रॅफर्डवर नाबाद ५१, त्याच्या आदल्या वर्षी त्याच मैदानावर बॉब विलिसच्या एका ओव्हरमध्ये सहा चौकार, अख्खी दादर-शिवाजी पार्क वेडी झालेली. ८५ ला ‘कभी अजनबी थे’ आला, हिरो पाटील, हिरॉइन पूनम धिल्लन, आणि व्हिलन कोण तर सय्यद किरमाणी!! वर्ल्डकप जिंकलेल्या टीमचा विकेटकीपर आणि त्याच टीमचा बॅट्समन पडद्यावर मारामारी करतायत. माझ्या मोठ्या भावाने थेटरात बघितला, तो म्हणतो लोक सिरियस सीनला हसत होते. मग कांबळी ‘अनर्थ’ २००२, अजय जडेजा ‘खेल’ २००३. कोणाला आठवतात? सिनेमा चालायला तिकीट विकावं लागतं, स्कोअरबोर्ड नाही.

आजोबा_ऑनलाईन

खडूसराव, यादी अपुरी आहे. सलीम दुराणी राहिला. १९७३ साली ‘चरित्र’, दिग्दर्शक बी. आर. इशारा, आणि नायिका परवीन बाबी, तिचा तो पहिलाच चित्रपट. आम्ही कॉलेजात होतो. पब्लिकने ओरडून सिक्सर मागितला की दुराणी सिक्सर मारतो अशी ख्याती, त्यामुळे थेटरातही कोणीतरी ओरडलंच. चित्रपट पडला, परवीन बाबी मात्र मोठी झाली.

आणि आपले सुनीलराव! १९८० चा मराठी चित्रपट ‘सावली प्रेमाची’, त्यात गावसकर चक्क नायक. आजच्या पिढीला खोटं वाटेल. त्यांनी मराठीत गाणंही म्हटलंय, क्रिकेट म्हणजे जीवन अशा अर्थाचं, शांताराम नांदगावकरांनी लिहिलेलं, ते मात्र लग्नाच्या बँडपर्यंत पोचलं होतं.

पण कुरडईताईंनी दारासिंगांचं विचारलंय. माझं मत सांगतो. दारासिंग पहिल्यांदा नायक म्हणून पडद्यावर आले तेव्हा कोणी त्यांच्याकडून ट्रॅजेडी किंगची अपेक्षा केली नाही. ‘किंग काँग’ १९६२ चा, कुस्तीच कुस्ती. लोक कुस्ती बघायला गेले आणि कुस्तीच मिळाली, फसवणूक नाही. तिथून पंचवीस वर्षं पडद्यावर घासल्यावर, साठीच्या उंबरठ्यावर असताना ‘रामायण’मध्ये हनुमान झाले. म्हणजे हनुमान हा काही अचानक मिळालेला लाडू नव्हे. प्रवीणकुमार तर त्याहून मोठा खेळाडू हो, लोकांना फक्त ‘महाभारत’मधला भीम माहीत. थाळीफेकीत एशियाडचं सुवर्ण, १९६६ ला आणि परत १९७० ला, दोन्ही बँकॉक. हातोडाफेकीत १९६६ च्या किंग्स्टन कॉमनवेल्थला रौप्य. मेक्सिको आणि म्युनिक अशी दोन ऑलिम्पिकं. आणि हे सगळं सीमा सुरक्षा दलात नोकरी करून. बी. आर. चोप्रांना भीम शोधायला फार लांब जावं लागलं नसेल, साडेसहा फुटी माणूस समोर उभा राहिला की गदा आपोआप खरी वाटते.

गावसकरांना किंवा पाटलांना प्रेमगीत म्हणायला लावलं, तिथे चूक झाली.

थर्ड_एडी

बऱ्याच दिवसांनी लॉगिन झालो, पासवर्ड आठवत नव्हता. मी बारा वर्षं हिंदी-मराठी डेली सोपला असिस्टंट डायरेक्टर होतो, फिल्म सिटी, मीरा रोड, नायगाव सगळे सेट झिजवलेत, आता सोडलं. अंकोलाबरोबर काम केलेलं नाही त्यामुळे त्याच्याबद्दल सेटवरचं काही सांगणार नाही, पण खेळातून आलेली बरीच माणसं हाताखालून गेली त्यावरून सांगतो, लांबेल जरा.

खडूस म्हणतात देखणा होता म्हणून घेतला. अहो बरोबर, सगळ्यांनाच म्हणून घेतात! एन्ट्री चेहऱ्यावर मिळते, दुसरी मालिका चेहऱ्यावर मिळत नाही. डेली सोपची शिफ्ट बारा तासांची, सकाळी सातचा कॉल असेल तर मेकअपला साडेसहाला, सीनचे कागद कित्येकदा सेटवरच हातात पडतात आणि शाई सुकायच्या आत मास्टर शॉट लागतो. दिवसाला पंधरा-वीस मिनिटांचं फुटेज काढायचं असतं. इथे रोज वेळेवर येणारा, उन्हात चिलखत घालून कुरकुर न करणारा, आणि सोळावा टेकसुद्धा पहिल्यासारखाच देणारा माणूस म्हणजे प्रोडक्शनला देव. खेळाडू इथे जिंकतात. पंधरा वर्षं पहाटे पाचला उठून नेट्सला गेलेल्या माणसाला सातचा कॉल म्हणजे आराम आहे. पौराणिक मालिका तर अजून अवघड, मुकुट, बाजूबंद, फायबरचं चिलखत, खाली धोतर, वर हजार-हजार वॅटच्या लाईट्स, दोन वाक्यांच्या मध्ये पंखा लावायचा आणि डायरेक्टर ‘ॲक्शन’ म्हणाला की बंद. सूर्यदेव वर्षभराहून जास्त करणं ही गंमत नाही. जिममध्ये कमावलेला नवा पोरगा आठवड्यात पाठ धरून बसतो, आम्ही बघितलेत.

बॉलर लोकांचं एक खास असतं. सेटवर जमिनीवर टेपची खूण लावलेली असते, मार्क म्हणतो आम्ही, चालत येऊन बरोबर तिथे थांबायचं, नाहीतर फोकस जातो. नवीन नट मान खाली घालून मार्क शोधत येतो, भयंकर दिसतं. जो माणूस आयुष्यभर रनअप पावलं मोजून धावलाय आणि न बघता क्रीजवर पाय टाकलाय त्याला मार्क शिकवावा लागत नाही. हे मी दोन बॉलर्सच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय, दोघंही क्लब लेव्हलचे, नाव कोणाला माहीत नसेल.

उलट अडचणीपण असतात. आमच्याकडे एक राज्य पातळीवर खेळलेला कबड्डीवाला होता, व्हिलनचा माणूस म्हणून मागे उभा राहायला आला, आवाज चांगला निघाला म्हणून डायलॉग मिळाले. पण क्लोजअप लावला की ह्याची नजर खाली जायची, समोरच्याच्या गुडघ्याकडे. डायरेक्टर वैतागला, लाजतोय का म्हणे. शेवटी चहाच्या वेळी मी विचारलं तर तो म्हणाला, सर कबड्डीत तोंड बघायचं नसतं, रेडरचं तोंड खोटं बोलतं, पाय बघायचे! मग मी कॅमेऱ्याच्या बाजूला पिवळा टेप लावला आणि सांगितलं हे त्याचे पाय. झालं काम. नंतर तो दोन वर्षं त्या मालिकेत टिकला. "कोणी शिकवतं का" असं विचारलंय ना, हे असं शिकवतात, चहाच्या वेळेत. वर्कशॉप वगैरे हल्लीचं.

पैशाचं पण सांगतो कारण ते कोणी बोलत नाही. टीव्हीत पैसे नव्वद दिवसांनी मिळतात. जानेवारीत केलेल्या कामाचे एप्रिलनंतर. मॅच फी, बँकेची किंवा कंपनीची स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी, महिन्याच्या एक तारखेला पगार ह्याची सवय असलेला माणूस इथे पहिल्या सहा महिन्यांत हबकतो. आणि करार! अंकोलाचाच किस्सा सगळ्यांना माहीत आहे, २००६ ला पहिल्या ‘बिग बॉस’मध्ये गेला होता, पण आधीच्या मालिकेच्या करारावरून प्रकरण कोर्टात गेलं आणि त्याला घराबाहेर पडावं लागलं, प्रेक्षकांनी वोट करून नाही. क्रिकेटमध्ये त्या काळात असले कागद कोणी बघितलेच नव्हते.

आता सिद्धू आणि अँकरिंग. ह्याचं गुपित कॉमेंट्री बॉक्समध्ये आहे. लाईव्ह शोच्या अँकरच्या कानात टॉकबॅक असतो, तुम्ही बोलत असता आणि त्याच वेळी कंट्रोल रूममधून प्रोड्युसर बोलत असतो, "दहा सेकंद, ब्रेकला जा, नाव चुकलं, डावीकडे बघ". ट्रेन्ड नटसुद्धा पहिल्यांदा कानातला आवाज आला की वाक्य तोडतो. ज्याने तीनचार वर्षं कॉमेंट्री केलीय त्याला ते श्वास घेतल्यासारखं जमतं. सिद्धू ९९ ला रिटायर झाला, मग कॉमेंट्री, आणि २००५ ला ‘लाफ्टर चॅलेंज’च्या खुर्चीत बसला तेव्हा चार वर्षं माईकवर घासून आला होता. सुरुवातीला ह्याच माणसाला पेपरवाल्यांनी स्ट्रोक नसलेला बॅट्समन म्हणून हिणवलं होतं, आठवतंय का?

खडूस_मुंबईकर

थर्ड एडी, कबड्डीवाल्याचा किस्सा एक नंबर. पिवळ्या टेपसाठी माघार घेतो. फक्त निम्मी.

बाकी सिद्धू अँकर नाही, हसायचा पगार घेणारा पाहुणा आहे. हलके घ्या.

पार्कचा_कट्टा

निम्मी का होईना, मुंबईकर माघार घेतोय, तारीख लिहून ठेवा.

एक राहिलं, सिनेमातला अंकोला. ‘कुरुक्षेत्र’ २००० आणि ‘पिताः’ २००२, दोन्हीत संजय दत्त, आणि दोन्ही महेश मांजरेकरांचे. म्हणजे मराठी डायरेक्टरनं हात दिला, पण हिरो नाही केलं, बाजूचा रोल दिला. आजोबा म्हणतायत तेच झालं की, माणसाला झेपेल तेवढंच ओझं दिलं.

आणि एकच टेस्ट खेळून नट झालेला तो एकटा नाही. युवराजसिंगचे वडील योगराज, वेलिंग्टनला १९८१ ला एक टेस्ट, सहा वनडे, आणि मग पंजाबी सिनेमातला नावाजलेला व्हिलन. ‘भाग मिल्खा भाग’मध्ये कोच तेच.

जर्सीकर

आमच्याकडे आत्ता पहाट आहे, स्नो काढायच्या आधी लिहून टाकतो.

तुम्ही सगळे क्रिकेटवर अडकलात. खेळाडू ते अँकर ह्याचं मी जवळून (म्हणजे टीव्हीवरून) बघितलेलं उदाहरण म्हणजे मायकेल स्ट्राहन. न्यूयॉर्क जायंट्सचा, पण त्यांचं स्टेडियम आहे इकडे न्यूजर्सीत ईस्ट रदरफर्डला, त्यामुळे आम्ही त्यांना आपलेच समजतो. मला अमेरिकन फुटबॉल सुरुवातीला काही कळायचा नाही, ऑफिसातल्या एकाने समजावलं की हा डिफेन्सवाला, समोरचा जो बॉल फेकणारा असतो त्याला फेकायच्या आत पाडायचं हे ह्याचं काम, त्याला सॅक म्हणतात. २००१ च्या सीझनला साडेबावीस सॅक, तेव्हाचा विक्रम (अर्धा का ते विचारू नका, दोघांनी मिळून पाडला की अर्धा अर्धा वाटून देतात, आपल्याकडे रनआऊटचं असं केलं असतं तर किती भांडणं मिटली असती). फेब्रुवारी २००८ ला सुपर बोल (म्हणजे फायनल), समोर पेट्रियट्स, सीझनभर एकही मॅच न हरलेले, आणि जायंट्स १७-१४ ने जिंकले. पंधरा सीझन खेळून त्याच वर्षी गडी रिटायर, आणि लगेच फॉक्सवर मॅचआधीच्या कार्यक्रमात खुर्ची.

आता ऐका, ह्याच माणसाने २००९ ला एका कॉमेडी मालिकेत हिरो म्हणून काम केलं, ‘ब्रदर्स’ नाव, एका सीझनमध्ये गाशा गुंडाळला. म्हणजे खडूस म्हणतात ते तिकडेपण खरं आहे, नट म्हणून चालला नाही. पण २०१२ ला केली रिपाबरोबर सकाळच्या शोला बसला आणि बायकोपासून शेजारच्या आजीपर्यंत सगळ्यांना तो आवडायला लागला, बायकोला तर तो फुटबॉल खेळायचा हे कितीतरी महिन्यांनी कळलं. तुमच्या आईसारखंच! २०१६ ला ‘गुड मॉर्निंग अमेरिका’वर कायमचा गेला आणि त्याच वर्षापासून ‘पिरॅमिड’ हा गेम शो.

मला वाटतं फरक हा की नटाला दुसरा कोणीतरी व्हावं लागतं आणि अँकरला स्वतःच राहायचं असतं. स्ट्राहनच्या पुढच्या दातांत मोठी फट आहे, इतकी वर्षं टीव्हीवर आहे पण ती बुजवली नाही. २०२१ ला बुजवल्याचा व्हिडिओ टाकला, लोक हळहळले, निघालं एप्रिल फूल. नटाला पहिल्या ऑडिशनला दात नीट करून ये म्हणाले असते.

आजोबा_ऑनलाईन

दातांची फट टीव्हीवर चालते हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे आता फटच जास्त आहे.

स्टार्टिंग_ब्लॉक

धागा छान चाललाय पण वर जाऊन मोजलं, एकाही बाई खेळाडूचं नाव नाही. धागाकर्तीपण बाई असून!

मी स्वतः शाळा-कॉलेजात ४०० मीटर धावायचे, विद्यापीठापर्यंत गेले, मग गुडघा आणि लग्न, कुठलं आधी ते विचारू नका. आमच्या वेळी आमची हिरॉइन अश्विनी नाचप्पा. पी. टी. उषाला हरवलेली मुलगी. आणि तिने सिनेमा केलाय बरं का, १९९१ ला तेलुगूत ‘अश्विनी’, तिच्याच आयुष्यावर आणि पडद्यावर ती स्वतःच. मारे बायोपिक म्हणून आता जे सगळे करतात ते तिने तेव्हा केलं, आणि धावायचे सीन खोटे नाहीत कारण धावणारी खरी! नंतर मेरी कोमवर सिनेमा आला २०१४ ला तेव्हा रोल प्रियांका चोप्राला. मी चांगलं-वाईट म्हणत नाही, प्रियांकाने मेहनत घेतली असेलच, पण बघा, पुरुष खेळाडू रिटायर झाला की त्याला सिनेमात रोल मिळतो आणि बाई खेळाडूवर सिनेमा निघाला की तिचा रोल दुसऱ्या बाईला मिळतो.

अँकरिंगचं तर उलटंच. २००३ च्या वर्ल्डकपला मंदिरा बेदी आली. म्हणजे पुरुषांच्या बाबतीत खेळाडूचा अँकर होतो आणि बायकांच्या बाबतीत नटीला क्रिकेटची अँकर करतात. तिला किती बोलले लोक तेव्हा, साडीवरून, ब्लाऊजवरून, पण एक्स्पर्ट पुरुषांच्या मध्ये बसून बिनधास्त प्रश्न विचारणं तिनेच सुरू केलं. आता अंजुम चोप्रासारख्या खऱ्या खेळाडू कॉमेंट्री करतात तेव्हा बरं वाटतं.

आपल्याकडच्या मुलींची दुसरी इनिंग बहुतेक सरकारी असते. साताऱ्याची ललिता बाबर, रिओला २०१६ ला ३००० मीटर स्टीपलचेसची फायनल गाठली, दहावी आली, आणि पुढे महसूल खात्यात अधिकारी. गावाकडच्या मुलीच्या आईबापाला विचारा, टीव्ही पाहिजे का तहसील, ते काय सांगतील मला माहितीय. नव्वद दिवसांनी पैसे हे वाचून तर अजूनच.

थर्ड_एडी

स्टार्टिंग ब्लॉक, मान्य, शंभर टक्के मान्य. मीही बारा वर्षांत खेळातून आलेल्या मुली मोजून दोन बघितल्या आणि दोघीही स्टंट डबल. हिरॉइन भिंतीवरून उडी मारते ना, ती ही.

जर्सीकर

मराठी कॉमेंट्रीचं कोणी बोललंच नाही! २०२३ च्या आयपीएलला मोबाईलवर मराठीत पण कॉमेंट्री होती, मी इथून ऐकायचा प्रयत्न केला (कसं ते विचारू नका). केदार जाधव माईकवर होता, आणि सीझन चालू असतानाच बंगलोरच्या टीमला कोणीतरी जखमी झालं म्हणून त्याला बोलावणं आलं, माईक ठेवून पॅड बांधायला गेला. दुसऱ्या करिअरमधून पहिल्यात परत, तेही एका रात्रीत.

पार्कचा_कट्टा

परत जाण्यावरून आठवलं, आणि हे धाग्यात यायलाच पाहिजे. अंकोलापण परत आला. २०२० च्या शेवटी मुंबईच्या सीनियर टीमच्या सिलेक्शन कमिटीचा चेअरमन, आणि जानेवारी २०२३ ला भारताच्या टीमचा सिलेक्टर, पश्चिम विभागाचा. वीस-बावीस वर्षं तोंडाला रंग लावून परत स्कोअरशीट हातात. मग त्याच वर्षी आगरकर चेअरमन झाला, दोघंही पश्चिमेकडचे झाले, त्यामुळे २०२४ ला ह्याच्या जागी उत्तरेकडचा अजय रात्रा. म्हणजे तेही पद परफॉर्मन्सवर नाही, नकाशावर गेलं. पाय, कोर्ट, नकाशा, ह्या माणसाला प्रत्येक वेळी बाहेरच्याच गोष्टीनं आऊट केलंय राव.

संदीप पाटीलचंपण तेच, सिनेमा पडला, मग ‘एकच षटकार’ ह्या क्रीडा नियतकालिकाचा संपादक, मग केनियाचा कोच, आणि २००३ ला केनियाला घेऊन वर्ल्डकपच्या सेमीफायनलला!! मग २०१२ ते १६ भारताचा चीफ सिलेक्टर. पडलेल्या पिक्चरचा हिरो म्हणून हसणाऱ्यांनी हे पण लिहायला पाहिजे होतं, मी नाव घेत नाही, ते दादर साईडला राहतात.

खडूस_मुंबईकर

राहतो. केनिया विसरलो होतो. आता पाऊण माघार.

कुरडई

सगळ्यांचे खूप आभार, एवढं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. स्टार्टिंग ब्लॉक, खरंच लाज वाटली, माझ्या डोक्यात बाई खेळाडू आल्याच नाहीत, पुढचा धागा त्यावर तुम्ही काढा, मी पहिली कमेंट करेन.

काल परत आईकडे गेले आणि सगळा धागा मोठ्यांदा वाचून दाखवला. बाबांना पाटीलच्या सहा चौकारांपाशी दोनदा थांबावं लागलं कारण त्यांना प्रत्येक चौकार कुठल्या दिशेला गेला ते सांगायचं होतं. नडगीतल्या गाठीचं ऐकल्यावर मात्र गप्प झाले, त्यांना वाटत होतं पोराला सिनेमाची हौस आली म्हणून क्रिकेट सोडलं, इतकी वर्षं तेच धरून बसले होते. आणि आई पंख्याच्या गोष्टीवर अडकली, आता सूर्यदेव दिसले की म्हणते बिचाऱ्याचा पंखा बंद केला असेल.

मग मी सांगितलं की हा पुढे भारताच्या टीमचा सिलेक्टर झाला होता, तर आई लगेच म्हणाली, "बरोबर माणूस घेतला. ह्याने तर स्वतःच्या पोरालासुद्धा घरात घेतलं नव्हतं."